शिअर बोल्ट तुटला म्हणजे माल हलका? उलट आहे!

'रोटाव्हेटरचा बोल्ट सारखा तुटतो, चांगला कडक टाका.' परभणी-जालन्याकडं पेरणीआधी हे वाक्य हमखास ऐकू येतं. पीटीओ शाफ्टवरचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्यावरचा, शिअर बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो. पऱ्हाटीच्या रानात पात्याखाली दगड आला की बोल्ट कापला जातो आणि गिअरबॉक्स वाचतो.

बोल्टच्या माथ्यावरचा आकडा, म्हणजे ग्रेड, बघा. ८.८ म्हणजे ताणाची ताकद ८०० मेगापास्कल, १२.९ म्हणजे १२००. त्याच मापाचा १२.९ टाकला की कापायला दीडपट जोर लागतो. मग पहिला बळी शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस किंवा गिअरचे दात. खिळा किंवा वेल्डिंगची कांडी घातली तर ती किती जोराला तुटेल याचा भरवसाच नाही. यंत्राच्या पुस्तकात दिलेलं माप आणि ग्रेड, तेवढंच.

तरी सारखा तुटतोय? तुटलेला तुकडा हातात घ्या. कापलेल्या जागी आटे दिसले तर बोल्ट चुकीचा आहे. तिथं बिनआट्याची गुळगुळीत दांडी यायला हवी, आट्यापाशी बोल्ट बारीक असतो. भोक लांबट झालं असेल तर बोल्ट आत खेळतो, झटके खाऊन थकतो. अशा वेळी फ्लँजच, म्हणजे बोल्ट बसतो ती चकतीच, दुरुस्त करावी लागते. नट ढिला असला तरी हेच होतं.

स्प्लिट पिनचं, म्हणजे भोकातून घालून दोन्ही पाय वाकवायच्या पिनचं, काम निराळं: ती फक्त नट किंवा पिन निसटू देत नाही, भार घेत नाही. एकदा उघडलेली पिन तिचे पाय सरळ करून परत वापरू नका. वाकवलेल्या जागी मोडते.