बेस कव्हर

बेस कव्हर : एखाद्या ध्वनिमुद्रित गीतातील बेस गिटारचा (खर्जाचे स्वर देणाऱ्या विजेवरील गिटारचा) भाग हौशी वादकाने स्वतः वाजवून, मुद्रित करून, बहुधा चित्रफितीच्या रूपाने इतरांपुढे ठेवण्याची प्रथा. वादक एकटा असतो. गायन व बाकीची वाद्ये मूळ ध्वनिमुद्रणातून किंवा त्यावरून तयार केलेल्या साथीच्या ट्रॅकमधून येतात. पियानोवर किंवा साध्या गिटारवर केलेले कव्हर एकटे ऐकले तरी गाणे ओळखू येते. बेसचे तसे नाही. स्वरसंगतीचा तळ आणि ढोलवादनाचा ठेका यांना जोडणे हे त्याचे काम असल्याने वरचा डोलारा काढून घेतला की उरतो तो नुसता खर्जातला आराखडा. या प्रथेची बहुतेक वैशिष्ट्ये, तिच्या तांत्रिक अडचणी आणि कायद्यातील गुंताही या परावलंबनातून आलेला आहे.

संज्ञा : ‘कव्हर’ हा शब्द अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातला असून १९५० च्या सुमारास तो त्या व्यवसायात रूढ झालेला दिसतो. त्याच्या व्युत्पत्तीबाबत दोन मते आहेत. एका मतानुसार, प्रतिस्पर्धी कंपनीचे गाणे चालू लागले की आपल्या गायकाकडून तेच गाणे गाऊन घ्यायचे आणि दुकानात येणाऱ्या मागणीत आपलाही वाटा राखायचा, या व्यापारी खबरदारीला तो शब्द लावला गेला. दुसऱ्या मतानुसार, कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी गोऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेऊन मुळावर पांघरूण घालणे हा त्याचा अर्थ. असे घडत होते यात शंका नाही. पण धंद्यातील लोकांनीच वापरात आणलेला शब्द त्यांच्यावरच ठपका ठेवणारा असेल, हे कमी संभवनीय वाटते. पहिले मत त्यामुळे अधिक ग्राह्य धरावे लागते. बेस कव्हरला मात्र यांतला कोणताच अर्थ नीट लागू पडत नाही. येथे मुळाशी स्पर्धा नाही आणि मूळ झाकलेही जात नाही. उलट ते खाली वाजतच असते. ‘सहवादन’ हा शब्द या प्रकाराला जास्त शोभला असता. परंतु वादकांच्या तोंडी ‘कव्हर’च बसला आहे.

पूर्वपीठिका : पडदे असलेली, आडवी धरून वाजवायची विजेवरील बेस पॉल टटमार्क यांनी सिॲटल येथे १९३० नंतरच्या दशकात बनवली होती, पण वाद्याचा प्रसार झाला तो लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आल्यावर. तारेच्या कंपन पावणाऱ्या भागाची लांबी ३४ इंच (सु. ८६ सेंमी.) असलेले हे वाद्य घरातल्या कोपऱ्यात मावणारे होते. पडद्यांमुळे स्वरस्थान पक्के मिळत असल्याने शिक्षकाविना तबकडीवरून शिकणेही सोपे झाले.

प्रथेचा आरंभ यूट्यूबच्या स्थापनेपासून (२००५) धरण्याची पद्धत आहे. ती प्रसिद्धीपुरती ठीक आहे. ऐकून उतरवणे व त्याबरोबर वाजवणे हे दोन्ही भाग त्याहून बरेच जुने आहेत. अवघड जागा उलगडण्यासाठी इतर वादक ध्वनिफीत निम्म्या वेगाने लावत. बेसवादकाला त्याचा उपयोग थोडा, कारण वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जातो आणि बेसची सर्वांत जाड तार (सु. ४१ हर्ट्‌झ) सु. २०.६ हर्ट्‌झवर, म्हणजे श्रवणाच्या कडेला पोहोचते. त्याला सोयीची उलटी युक्ती : मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावणे. तसे केल्यास सगळे स्वर १.३५ पटीने चढतात, म्हणजे मूळ षड्ज शुद्ध मध्यमाच्या किंचित वर जातो आणि गढूळ खर्ज मोकळा होतो. वेग वाढल्याने बोटांची मात्र तारांबळ. म्हणून ही युक्ती ऐकण्यापुरतीच.

एक वाद्य वगळून मुद्रित केलेल्या सरावाच्या तबकड्या ‘म्युझिक मायनस वन’ या कंपनीने १९५० पासून काढल्या. जेमी एबरसोल्ड यांच्या जॅझच्या सराव-तबकड्यांत (१९६७ पासून) बेस एका बाजूच्या ध्वनिमार्गात व पियानो दुसऱ्या बाजूच्या मार्गात ठेवलेला असे. बेसची बाजू बंद केली की ती जागा वादकाला मोकळी मिळे. चार ट्रॅकचे कॅसेट-यंत्र, टॅस्कॅमचे पोर्टास्टुडिओ, १९७९ मध्ये आले आणि घरी एकावर एक थर मुद्रित करणे हौशी माणसाच्या आवाक्यात आले. मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रिका-कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांच्यावरील ॲलन स्लट्स्की यांच्या ग्रंथाबरोबर (१९८९) दिलेल्या कॅसेटवर नामवंत बेसवादकांनी जेमर्सन यांचे भाग वाजवले आहेत. वाजवणारे हौशी नव्हते, एवढा भेद सोडला तर आजच्या बेस कव्हरचे हे सर्वांत जवळचे पूर्वरूप म्हणता येईल.

ध्वनिमुद्रण : वाद्य थेट ऑडिओ इंटरफेसला (वाद्याचा ध्वनी संगणकात नेणाऱ्या उपकरणाला) जोडण्याची पद्धत सर्वाधिक आढळते. साध्या पिकअपला (तारांचे कंपन विद्युत्‌-संकेतात बदलणाऱ्या भागाला) सु. १० लाख ओहम रोध असलेले प्रवेशद्वार लागते. मायक्रोफोनच्या खाचेत तार खुपसली की आवाज बोथट होतो. वाजवलेला स्वर संगणकातून फिरून कानी येईपर्यंत विलंब लागतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात २५६ नमुन्यांचा तात्पुरता साठा (बफर) ठेवल्यास एका टप्प्याला सु. ५.८ मिलिसेकंद लागतात, १,०२४ ठेवल्यास सु. २३. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते. तिच्यापुढे २३ हा आकडा लहान दिसला तरी तेवढ्यानेही हात जड झाल्यासारखा वाटतो.

खरी अडचण मूळ बेसची. तो तसाच ठेवून वर वाजवले तर एकच भाग दोनदा ऐकू येतो. जाड तारेच्या एका कंपनाला सु. २४ मिलिसेकंद लागतात. दोन बेस एकमेकांपासून सु. १२ मिलिसेकंद सरकले, तर त्यांचे मूलस्वर परस्परांना खाऊन टाकू शकतात आणि दोन बेस वाजत असताना एकापेक्षा पातळ आवाज येतो. जुनी मुद्रणे नेमक्या ४४० हर्ट्‌झच्या (वाद्ये जुळवण्याच्या प्रमाणस्वराच्या) मापात असतीलच असे नाही, कारण फितीचा वेग थोडा इकडेतिकडे होई. वरच्या मोकळ्या तारेवर (९८ हर्ट्‌झ) २० सेंटचा, म्हणजे अर्धस्वराच्या पाचव्या हिश्श्याचा फरक राहिला, तरी सेकंदाला साधारण एकदा आवाज फुगतो-ओसरतो. त्यामुळे आधी मुद्रणाशी वाद्य जुळवावे लागते, ट्यूनरशी नव्हे.

मूळ बेस काढून टाकण्याचे जुने उपाय अपुरे होते. डावा-उजवा मार्ग वजा करण्याने मधोमध ठेवलेला बेस जातो, पण गायकही जातो. डीझर कंपनीने २०१९ मध्ये खुले केलेले स्प्लीटर व त्याच वर्षीचे डेमुक्स यांसारख्या प्रणालींनी तयार मुद्रणातून गायन, ढोल, बेस व उर्वरित असे चार भाग वेगळे काढणे शक्य केले. त्यातून मूळ बेस सुटा ऐकताही येऊ लागला आणि वर्षानुवर्षे फिरणाऱ्या अनेक टॅबमधील (कोणती तार कोठे दाबायची हे आकड्यांनी दाखवणाऱ्या लेखनातील) चुका उघड्या पडल्या. विलगीकरणाच्या खुणा, विशेषतः ढोलसंचातील थाळ्यांच्या (सिंबलच्या) आवाजातील पाणीदार थरथर, मात्र राहतात.

श्रोता बहुधा फोनवर ऐकतो, आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झ बाहेरच पडत नाही. तरीही तो स्वर कळतो, कारण ८२, १२४, १६५ हर्ट्‌झ अशी त्याची उपस्वरांची माळ ऐकून मेंदू गहाळ मूलस्वर भरून काढतो. खालचे मणीही स्पीकरने गाळले तर वरच्यांवर भागवावे लागते. जाणते वादक म्हणून बेसला थोडी विकृती देऊन वरचे उपस्वर उठावदार करतात. खर्ज वाढवणे हा नवशिक्याचा उपाय येथे व्यर्थ ठरतो.

चित्र व ध्वनी वेगवेगळे टिपून नंतर जुळवतात. दाबलेल्या तारेवरचा एक फटका खुणेला पुरतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सु. ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की तो जाणवतो. स्लॅप वादनात (तारेवर अंगठा आपटून वाजवण्याच्या पद्धतीत) अंगठा डोळ्यांसमोर आदळत असल्याने एवढी सवलत मिळत नसावी.

श्रेय : कोणाचा बेस वाजवला जात आहे, हे सांगणे नेहमी सोपे नसते. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे बराच काळ छापली जात नसत. तेथील काही गाजलेले भाग आपण वाजवल्याचे अमेरिकन बेसवादक कॅरल केय यांनी सांगितले आहे. स्लट्स्की व मोटाउनमधील सहकारी ते जेमर्सन यांचेच मानतात. वादनशैलीचा पुरावा नंतरच्या मताकडे झुकतो. जेमर्सन एकाच बोटाने, न बदललेल्या जुन्या सपाट गुंडाळीच्या तारांवर वाजवत, तर केय नखीने.

हक्क : रचना आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्क वेगळे असतात. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने, स्वयंचलित पियानोत वाजणाऱ्या छिद्रित कागदी गुंडाळ्यांवरील वादानंतर, ठरीव मोबदल्यात रचना पुन्हा मुद्रित करण्याची मुभा दिली. चित्राशी ध्वनी जोडण्यास ती पुरत नाही. बेस कव्हरमध्ये बहुधा मूळ मुद्रणही वाजत असल्याने दोन्ही हक्कांचा प्रश्न येतो. यूट्यूबची स्वयंचलित ओळख-प्रणाली (२००७) असे मुद्रण हुडकते. मग जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळते किंवा चित्रफीत रोखली जाते. काही वेळा ध्वनी तेवढा बंद केला जातो आणि पाहणाऱ्याला पडद्यांवरून फिरणारी बोटे तेवढी दिसतात.