शेणावरच्या वाट्या आणि झाकणाचा शोध

शेण गाई-म्हशीचं, लीद घोड्याची, लेंड्या शेळी-मेंढीच्या. मराठीने हा भेद शब्दांतच करून ठेवला आहे. या विष्ठेवर उगवणाऱ्या वाटीच्या आकाराच्या बुरश्या गोळा करणाराही आधी हेच टिपून ठेवतो: जनावर कोणतं? पण त्याने नावाचा प्रश्न सुटत नाही. एकच जात शेणावरही सापडते आणि लिदीवरही, आणि शेणाच्या एकाच पोवर चार-पाच जाती शेजारी शेजारी नांदतात. बहुतेक वाट्या काही मिलिमीटरच्या, कित्येक तर त्याहूनही बारीक. रंग पिवळसर, नारिंगी, तपकिरी. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला त्या सारख्याच वाटणार.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या बुरश्यांना नावं देणं सुरू झालं, तेव्हा हाताशी फारतर साधं भिंग होतं. फ्रान्समध्ये ब्युलियार या वनस्पतिशास्त्रज्ञाने रंगीत चित्रं छापली आणि वाटीसारखं दिसेल ते सगळं ‘पेझिझा’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, घातलं. पर्सून या बुरशी-अभ्यासकाच्या मात्र एक गोष्ट नजरेत भरली. काही वाट्यांच्या पृष्ठभागावर काळे ठिपके दिसत. ते ठिपके म्हणजे पिकलेल्या बीजाणूंनी (बुरशीच्या सूक्ष्म बियांनी) भरून वर डोकावणाऱ्या पिशव्या. त्याने अशा बुरश्यांना ‘ॲस्कोबोलस’ म्हटलं. ग्रीकमध्ये ‘आस्कोस’ म्हणजे पखाल आणि ‘बोलोस’ म्हणजे फेक. नाव चपखल आहे, कारण बुरशीचा संसारच या फेकीवर चालतो. पिशवी फुगते, फुटते, बीजाणू उडून गवताच्या पात्याला चिकटतात. जनावर ते गवत खातं. बीजाणू आतड्यातून धडधाकट बाहेर पडतात आणि ताज्या शेणात रुजतात.

खरी कलाटणी दिली ती औषधविक्रेत्यांनी. ब्रेस्ट बंदरातले क्रुआं बंधू औषधं विकता विकता १८५०च्या दशकात ॲस्कोबोलसच्या नव्या जाती नोंदवत होते. पॅरिसजवळच्या मोंमोरांसीतला एमिल बुदिए हाही औषधविक्रेताच. त्याने १८६९ साली या गटावर मोठा निबंध लिहिला आणि सॅकोबोलस, ॲस्कोफॅनस अशा प्रजाती वेगळ्या काढल्या. सॅकोबोलसमध्ये पिशवीतले आठही बीजाणू एका गाठोड्यात बांधल्यासारखे चिकटलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकदा पाहिलं की पुन्हा घोटाळा होत नाही.

पण बुदिएचं मोठं काम झाकणाचं. काही बुरश्यांत पिशवीच्या टोकाला डब्यासारखं बारीक झाकण असतं. ते उघडतं आणि बीजाणू उडतात. इतरांत नुसतं छिद्र पडतं. बुदिएने १८७९ साली मांडलं की वाटी-बुरश्यांची पहिली विभागणी यावरच व्हायला हवी. रंग नाही, केस नाहीत, वाटीचा आकार नाही. पिशवी उघडते कशी, ते बघा. केसाहून बारीक पिशवीचं टोक निरखत बसायला केवढी चिकाटी लागली असेल! १९०७च्या त्याच्या ग्रंथाने ही विभागणी पक्की केली आणि ती दीर्घकाळ टिकली.

ॲस्कोफॅनस मात्र टिकली नाही. बिनरंगी बीजाणूंच्या बऱ्याच बुरश्या तिच्यात कोंबल्या गेल्या होत्या. सोडवणूक झाली ती आयोडीनने. आयोडीनचा थेंब टाकला की काहींच्या पिशवीची भिंत निळी होते, काहींची होत नाही. १९६७ साली अमेरिकेत कॉर्फ आणि किम्ब्रो यांच्या कामातून निळ्या होणाऱ्यांना ‘आयोडोफॅनस’ हे नाव मिळालं, न होणाऱ्यांपैकी बऱ्याच ‘कॉप्रोटस’मध्ये गेल्या. त्याच वर्षी फान ब्रुमेलेन या डच अभ्यासकाचा ॲस्कोबोलस आणि सॅकोबोलसवरचा जगभरच्या जातींचा प्रबंध आला. बीजाणूवरचं जांभळं रंगद्रव्य, त्यावरच्या भेगा, हे सगळं त्यात मापांसह आहे. आपल्या उपखंडातल्या शेणावरच्या बुरश्यांवरचे लेख त्याआधीच, १९३३ आणि १९३६ साली, इंडियन बोटॅनिकल सोसायटीच्या नियतकालिकात आले होते.

जाता जाता एक गोष्ट. ॲस्कोबोलस इमर्ससचे बीजाणू अवाढव्य, ५० मायक्रोमीटरच्या पुढचे, आणि आठांचा एकच गठ्ठा उडतो. बीजाणूच्या रंगात बदल झालेल्या वाणांचा मूळ वाणाशी संकर करून फ्रान्समध्ये जॉर्ज रिझे यांच्या प्रयोगशाळेने १९६०च्या सुमारास मोजणी केली. गडद चार आणि फिके चार असा वाटा अपेक्षित होता. कधीकधी सहा आणि दोन निघत. जनुकाच्या एका रूपाची प्रत त्याच्याच दुसऱ्या रूपावर उमटते, हे अशा मोजणीतून स्पष्ट होत गेलं. तेही शेणावरच्या बुरशीत.

नावं अजून सरकतात. शेणावरची ओळखीची नारिंगी, खरखरीत चकती आधी पेझिझा होती, मग कोप्रोबिया झाली, १९९०पासून ती चेलिमेनिया ग्रॅन्युलाटा. थेलेबोलस या शेणावरच्याच प्रजातीची कथा याहून मजेशीर आहे. टोडे या जर्मन अभ्यासकाने १७९० साली तिचं वर्णन केलं. तिच्या काही जातींत एकाच पिशवीत आठ नव्हे, शेकड्यांनी, कधी हजारांवर बीजाणू असतात. बरीच वर्षं तिला झाकणवाल्यांच्या शेजारी बसवलं होतं. १९९०च्या दशकात डीएनए तपासला, तेव्हा ती बिनझाकणवाल्यांच्या घरची निघाली.