अफोर्डन्स

एखादी वस्तू किंवा जागा एखाद्या प्राण्याला काय काय करू देते, त्याला अफोर्डन्स म्हणतात. सपाट, टणक आणि गुडघ्याएवढ्या उंचीचं काहीही असलं की त्यावर बसता येतं, मग ती खुर्ची असो, दगड असो नाहीतर पुस्तकांची चळत. मराठीत 'कृतिशक्यता' वगैरे म्हणता येईल, पण डिझाइन शिकणारे-शिकवणारे अफोर्डन्सच म्हणतात म्हणून इथंही तोच शब्द ठेवलाय.

शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स जे. गिब्सन (१९०४–१९७९) याचा, यावर कुणाचं दुमत नाही, भांडण आहे ते तो कधीचा आणि कुठून आला यावर. बऱ्याच ठिकाणी १९७७ किंवा १९७९ साल दिलेलं असतं, कारण १९७७ मध्ये त्याचा या विषयावरचा स्वतंत्र लेख आला आणि १९७९ च्या शेवटच्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे, पण शब्द त्याच्या १९६६ च्या पुस्तकातही सापडतो, फक्त तिथं तो जाता जाता येतो. म्हणजे शब्द १९६० च्या दशकाच्या मध्याचा आणि सिद्धांत १९७० च्या दशकातला, असं धरलेलं बरं.

मूळ शोधत मागं गेलं की गेस्टाल्ट मानसशास्त्र लागतं, म्हणजे आपण सुटे तुकडे नाही तर अख्खी आकृती बघतो असं मानणारा जर्मन विचारप्रवाह. कुर्ट लेविननं जर्मनमध्ये 'आउफ्फोर्डरुंग्सकाराक्टर' हा शब्द वापरला होता, म्हणजे वस्तू आपल्याला जणू बोलावते तो तिचा गुण, आणि कुर्ट कोफ्कानं १९३५ च्या ग्रंथात तसंच काहीसं 'डिमांड कॅरेक्टर' या नावानं मांडलं. कोफ्का आणि गिब्सन स्मिथ कॉलेजात बरीच वर्षं सोबत शिकवत होते आणि हे ऋण गिब्सननं स्वतःच मान्य केलंय. त्यामुळं अफोर्डन्स म्हणजे जर्मन कल्पनेचंच इंग्रजी रूप असं काही जण लिहितात. ते तितकंसं पटत नाही. कोफ्काचं उदाहरण पोस्टाच्या पेटीचं होतं: हातात टाकायचं पत्र असेल तेव्हाच पेटी 'बोलावते', काम झालं की तिचं बोलावणं संपतं. गिब्सनचं म्हणणं उलटं, तुम्हाला गरज असो वा नसो, टपालव्यवस्था असलेल्या समाजात पत्र लिहिणाऱ्या माणसाला ती पेटी पत्र टाकू देतेच, तुमच्या मूडवर ते अवलंबून नाही. प्रेरणा तिकडची असेल, मुद्दा मात्र गिब्सनचा स्वतःचा.

मग हा गुण नक्की राहतो कुठं, वस्तूत की माणसात? गिब्सन म्हणायचा दोन्हीत आणि कशातच नाही, आणि पुढच्यांनी यावर बरेच कागद खर्ची घातले. टर्वी (१९९२) याच्या मते तो परिसराचा गुण, योग्य प्राणी भेटला की प्रत्यक्षात येणारा; स्टॉफ्रेगन (२००३) म्हणतो प्राणी आणि परिसर मिळून जी व्यवस्था होते तिचा; चेमेरो (२००३) म्हणतो तो गुणच नाही, दोघांमधलं नातं आहे. डिझाइनच्या कामाला चेमेरोची मांडणी जास्त सोयीची पडते, कारण एकच पायरी एकाला चढता येते आणि दुसऱ्याला नाही हे त्यात सरळ बसतं.

पायरीवरूनच विल्यम वॉरनचा १९८४ चा प्रयोग, जो या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यानं बुटक्या आणि उंच अशा दोन गटांना वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्यांची चित्रं दाखवून विचारलं की हात न टेकता चढता येईल का. सेंटिमीटरमध्ये दोन्ही गटांची मर्यादा वेगळी आली, पण पायरीची उंची भागिले पायाची लांबी असं काढलं तर दोघांचीही साधारण ०.८८ वरच. नंतर चढताना किती ऊर्जा खर्च होते तेही मोजलं, तर सगळ्यात कमी खर्चाची पायरी ०.२६ च्या आसपास निघाली आणि माणसं नुसतं बघून जी पायरी पसंत करत होती ती ०.२५ ची! म्हणजे डोळा मापपट्टीनं मोजत नाही, स्वतःच्या अंगानं मोजतो. पुढं वृद्धांवर असेच अभ्यास झाले तेव्हा मात्र नुसती पायाची लांबी पुरेना, कमरेच्या सांध्याची लवचीकता आणि ताकद पण हिशोबात घ्यावी लागली.

डिझाइनमध्ये हा शब्द आणला डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन संशोधकानं, १९८८ च्या पुस्तकातून (पुस्तकाच्या नावात आधी 'सायकॉलॉजी' होतं, नंतरच्या आवृत्तीत त्याजागी 'डिझाइन' आलं). ढकलायच्या दरवाजाला ओढायचं हँडल लावलेलं, मग माणूस ओढत बसतो आणि वर स्वतःलाच मूर्ख समजतो, हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. अशा दाराला आता नॉर्मनचंच नाव पडलंय, बिचाऱ्यानं बनवलं नसताना. पण गोची अशी की दार ढकलता येणं हा गिब्सनचा अफोर्डन्स, आणि हँडल बघून 'ओढा' असं वाटणं ही वेगळीच गोष्ट. १९९९ मध्ये नॉर्मननं लिहिलं की आपल्याला 'जाणवणारा अफोर्डन्स' म्हणायचं होतं, आणि २०१३ च्या सुधारित आवृत्तीत हँडलसारख्या त्या खुणेला सिग्निफायर असं वेगळं नाव दिलं. तोवर अर्थ पसरून गेला होता. विल्यम गेव्हरनं १९९१ मध्येच हा गुंता बराच सोडवला होता: कृती शक्य आहे का हा एक प्रश्न, तशी माहिती दिसते का हा दुसरा. शक्य आहे पण दिसत नाही तो लपलेला अफोर्डन्स, दिसतो पण शक्य नाही तो खोटा. ही मांडणी नॉर्मनइतकी गाजली नाही, पण शिकवायला जास्त स्वच्छ आहे.

डिझाइन शिक्षणात अफोर्डन्स बहुधा पहिल्या वर्षातच येतो आणि बहुधा नॉर्मनचाच अर्थ गिब्सनच्या नावावर खपतो. नेहमीचा अभ्यास म्हणजे बनवलेलं मॉडेल काही न सांगता अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणंच विद्यार्थ्यांना सगळ्यात जड जातं. जर्मनीतल्या उल्म इथल्या डिझाइन स्कूलमध्ये शिकलेल्या क्लाउस क्रिपेनडॉर्फनं १९८० च्या दशकात राइनहार्ट बुटरसोबत प्रॉडक्ट सिमँटिक्स मांडलं, त्यात भर वस्तूच्या अर्थावर. देस्मेट आणि हेकर्ट यांनी २००७ मध्ये वस्तूचा अनुभव सौंदर्य, अर्थ आणि भावना अशा तीन पातळ्यांवर लावला. अफोर्डन्स त्यात नेमका कुठं बसतो हे ज्याच्या त्याच्या वाचनावर.

स्क्रीनच्या बाबतीत शब्दाचा वापर अजून सैल झालाय, 'बटणाला अफोर्डन्स द्या' असं सर्रास म्हणतात. नॉर्मनचा आक्षेप इथंच होता: हाताच्या अंतरावरची कुठलीही स्क्रीन बोट लावू देतेच, बटण काढलेलं असो वा नसो, काढलेलं बटण फक्त सांगतं की इथं बोट लावलं तर काहीतरी होईल.