मांडलिकाची निष्ठा आणि देवाशी करार : हिब्रू शास्त्रांतील आज्ञापालनाची पार्श्वभूमी

दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही. 'निर्गम' ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात परमेश्वर प्रथम स्वतःची ओळख करून देतो आणि इस्राएल लोकांना इजिप्तच्या गुलामीतून आपण बाहेर काढले याची आठवण देतो. दुसरे देव मानू नका, मूर्ती घडवू नका, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा सातवा दिवस पाळा, खून करू नका, चोरी करू नका, हे सारे त्यानंतर येते. आधी उपकाराची नोंद आणि मग बंधन, हा क्रम लेखकाच्या लहरीने आलेला नाही. प्राचीन पश्चिम आशियातील सम्राट आपल्या मांडलिकांशी तह करताना याच क्रमाने मजकूर लिहवून घेत. ही राजकीय पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे हिब्रू शास्त्रांत देवाची आज्ञा मोडण्याला साध्या नियमभंगाऐवजी फितुरीचा रंग का चढतो, हे कळू लागते.

आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे १९०६ साली ह्युगो विंकलर यांनी उत्खनन सुरू केले आणि हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा उजेडात आली. तिथे मिळालेल्या हजारो मृत्तिकापट्टांत इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतील तहनामेही होते. त्यांची मांडणी बहुतेक ठरलेली असे. आरंभी सम्राटाचे नाव व बिरुदे, पाठोपाठ त्याने मांडलिकाच्या घराण्यावर केलेल्या उपकारांचा इतिहास, मग अटी : खंडणी, युद्धात सैन्याची मदत, पळून आलेल्यांना परत पाठवणे आणि दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी संधान न बांधणे. पुढे तहाची प्रत देवळात ठेवण्याचे आणि ती वेळोवेळी वाचून दाखवण्याचे कलम, साक्षीदार देवतांची यादी, जिच्यात पर्वत, नद्या, आकाश आणि पृथ्वी यांनाही स्थान असे, आणि अखेरीस शाप व आशीर्वाद. व्हिक्टर कोरोशेत्स यांनी १९३१ मध्ये या तहांचे कायदेशीर स्वरूप उलगडून दाखवले, आणि १९५४ मध्ये अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी हाच साचा दहा आज्ञा जिथे दिल्या त्या सीनाय पर्वतावरील करारात आणि 'यहोशवा' या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात दिसतो, असे मांडले.

यहोशवाचा तो अध्याय वाचताना हे साम्य खरोखरच डोळ्यांत भरते. शखेम येथे जमलेल्या इस्राएलच्या वंशांपुढे त्यांचा पुढारी यहोशवा मूळपुरुष अब्राहामापासूनचा सारा इतिहास सांगतो, कोणाची सेवा करायची ते आजच ठरवा असे म्हणतो, आणि लोकांनी होकार दिल्यावरही तुमच्याने हे जमणार नाही असे बजावतो. शेवटी तो एक मोठा धोंडा उभा करून त्यालाच साक्षीदार ठरवतो. आणखी एक तपशील इथे नोंदवण्यासारखा आहे : याच शखेममध्ये 'बआल-बरीथ', म्हणजे कराराचा बआल, या दैवताचे देऊळ होते, असे 'शास्ते' या ग्रंथात आले आहे. देवाच्या साक्षीने करार करण्याची परंपरा त्या गावात इस्राएलपुरती मर्यादित नसावी, असे यावरून म्हणता येते.

मेंडेनहॉल यांना हा साचा थेट मोशेच्या काळातला वाटत होता. ते मत सर्वांना पटले नाही. युलियस वेलहाउझेन यांनी एकोणिसाव्या शतकातच देवाशी कराराची कल्पना संदेष्ट्यांनंतरची आहे असा पक्ष मांडला होता, आणि १९६९ मध्ये लोथार पेर्लिट यांनी तोच धागा पुढे नेऊन ही संपूर्ण भाषा इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपासची ठरवली. हा वाद अजून मिटलेला नाही. सातव्या शतकाच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा मात्र हत्तुशापासून फार दूर, आजच्या इराकमधील निमरूद येथे सापडला.

त्या शतकात यरुशलेमभोवतीचे यहूदाचे छोटे राज्य अश्शूरी साम्राज्याचे मांडलिक होते. त्याआधीच्या शतकात आहाज राजाने अश्शूरच्या सम्राटाला 'मी तुझा दास व तुझा पुत्र आहे' असा निरोप पाठवून मदत मागितल्याचे 'राजे' ग्रंथात आहे, आणि एसरहद्दोन सम्राटाच्या लेखात निनवेतील वाड्यासाठी सामान पुरवणाऱ्या राजांच्या यादीत यहूदाच्या मनश्शेचे नाव आहे. याच एसरहद्दोनने इ.स.पू. ६७२ मध्ये आपला मुलगा अशुरबनिपाल याच्या वारसाहक्कासाठी साम्राज्यभर निष्ठेच्या शपथा घेतल्या. त्या शपथांचे पट १९५५ मध्ये निमरूदला मिळाले आणि १९५८ मध्ये डोनाल्ड वाइझमन यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांतील कलमे 'अनुवाद' या तोरातील (हिब्रू शास्त्रांच्या पहिल्या पाच ग्रंथांतील) पाचव्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचली, तर साम्य केवळ साच्याचे राहत नाही. अशुरबनिपालावर स्वतःसारखे प्रेम करा, असे सम्राट शपथेत लिहवून घेतो. परमेश्वरावर संपूर्ण मनाने, जिवाने व शक्तीने प्रेम कर, असे 'अनुवाद' सांगतो. भाऊ, मुलगा, मुलगी किंवा एखादा संदेष्टा वारसाविरुद्ध बोलला तर ते लपवू नका, असे अश्शूरी शपथ बजावते. 'अनुवाद'च्या तेराव्या अध्यायात संदेष्टा, भाऊ, मुलगा, मुलगी, पत्नी किंवा जिवलग मित्र यांनी दुसऱ्या देवांकडे वळवण्याचा प्रयत्न केला तर त्यांना पाठीशी घालू नका, असे आहे. शापांतही तेच दिसते. आकाश पितळेचे होईल आणि जमीन लोखंडाची, ही धमकी दोन्हीकडे आहे. कातडीच्या रोगाचे आणि आंधळेपणाचे शापही दोन्हीकडे आहेत.

इथे 'प्रेम' या शब्दाने कोणाचा गोंधळ होऊ नये. विल्यम मोरन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की अमार्ना पत्रांपासून (इजिप्तच्या दरबाराचा इ.स.पू. चौदाव्या शतकातील पत्रव्यवहार) अश्शूरी शपथांपर्यंत सर्वत्र मांडलिकाने सम्राटावर करायचे प्रेम ही राजकीय बाब होती. खंडणी वेळेवर पोचवणे आणि शत्रूला थारा न देणे हेच त्याचे प्रत्यक्ष रूप असे. ज्या प्रेमाची आज्ञा देता येते ते प्रेम याच जातीचे असणार.

निमरूदचे पट पूर्वेकडील मेदी सरदारांसाठी होते, मग ते यरुशलेमच्या लेखकांपर्यंत पोचले कसे, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला जाई. २००९ मध्ये तुर्कस्तानातील तेल तायिनात येथे एका देवळाच्या आतील खोलीत याच शपथेची प्रत मिळाली, ती पश्चिमेकडील एका प्रांताच्या अधिपतीसाठी होती. यरुशलेममध्ये अशी प्रत होती हे त्याने सिद्ध होत नाही, पण तसे असणे अशक्य वाटत नाही. माझ्या मते या साम्यातली महत्त्वाची गोष्ट उसनवारी नव्हे. सम्राटाने स्वतःसाठी मागितलेली अनन्य निष्ठा यहूदाच्या लेखकांनी जशीच्या तशी उचलून परमेश्वराच्या पदरी घातली, आणि त्यामुळे सम्राटाच्या वाट्याला उरण्यासारखे फारसे काही राहिले नाही.

'अनुवाद' हा ग्रंथ राजकारणात उतरला तो यहूदाच्या योशीया राजाच्या काळात. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. चिटणीस शाफान याने ते राजापुढे वाचले. ऐकून राजाने आपली वस्त्रे फाडली आणि हुल्दा या संदेष्ट्रीकडे माणसे पाठवली. हे पुस्तक म्हणजे 'अनुवाद' ग्रंथाचे जुने रूप होते, असे व्हिल्हेल्म डी वेट यांनी १८०५ मध्ये सुचवले आणि पुढे बहुतेक अभ्यासकांनी ते स्वीकारले. योशीयाने मंदिराच्या खांबाजवळ उभे राहून लोकांसमोर करार केला, गावोगावची उच्चस्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थाने, मोडली आणि वल्हांडणाचा सण यरुशलेममध्ये साजरा करवला. अश्शूरची सत्ता तेव्हा खिळखिळी होत चालली होती, हा योगायोग विसरता येत नाही. इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे इजिप्तच्या फारो नखोच्या हातून योशीया मारला गेला. एवढ्या आज्ञाधारक राजाला असे मरण का आले, हा प्रश्न नंतरच्या इतिहासकारांना छळत राहिला.

करार कसा केला जाई याचे सर्वांत जवळून दिसणारे चित्र यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे, आणि ते कडवट आहे. बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असताना सिद्कीया राजा व प्रतिष्ठित मंडळी यांनी आपल्या इब्री दासदासींना मोकळे करण्याचा करार मंदिरात केला. वासरू मधोमध कापून दोन भाग समोरासमोर ठेवण्यात आले आणि करार करणारे त्यांमधून चालत गेले. करार मोडला तर आपलीही गत या वासरासारखी होवो, असा त्याचा अर्थ. सीरियातील सेफिरे येथील इ.स.पू. आठव्या शतकाच्या अरामी तहनाम्यात हा शाप वासराच्या उल्लेखासह स्पष्ट शब्दांत कोरलेला आहे. पुढे इजिप्तची फौज येत असल्याची बातमी आली, वेढा उठला, आणि मालकांनी सोडलेल्या दासांना पुन्हा पकडून आणले. तुम्ही भावांना मोकळीक दिली नाहीत, आता मीच तुम्हांला तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्यासाठी मोकळे करतो, असे यिर्मयाने परमेश्वराच्या नावे सुनावले. 'उत्पत्ती'च्या पंधराव्या अध्यायात हाच विधी उलटा दिसतो : अब्राम (पुढे अब्राहाम) झोपेच्या गुंगीत आहे आणि कापलेल्या पशूंच्या मधून धुमसती भट्टी व पेटती मशाल जाते, म्हणजे शपथेत बांधला जातो तो देव.

या दोन विधींमागे कराराचे दोन प्रकार आहेत, असे मोशे वाइनफेल्ड यांनी १९७० मध्ये मांडले. मांडलिकाच्या तहात शाप मांडलिकावर असतो. दानपत्रात मात्र दान मिळालेल्याच्या हक्काला जो हात लावील त्याच्यावर शाप असतो. शिलाहारकाळातील गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे शिलालेख, ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा दुसरा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सीनायचा करार पहिल्या जातीचा, तर अब्राहामाला दिलेली भूमी आणि दावीदाच्या घराण्याला दिलेले सिंहासन दुसऱ्या जातीचे. शास्त्रांत या दोन्हींची ओढाताण चालूच राहते. दावीदाचे वंशज चुकले तर त्यांना शिक्षा होईल पण वचन मोडणार नाही, असे स्तोत्र ८९ म्हणते. स्तोत्र १३२ मात्र वंशजांनी करार पाळला तरच, अशी अट घालते.

संदेष्ट्यांचा रोख वेगळा होता. शौल राजाने अमालेक्यांची उत्तम जनावरे यज्ञाच्या निमित्ताने राखून ठेवली तेव्हा, यज्ञापेक्षा आज्ञा मानणे बरे, असे शमुवेलाने त्याला ऐकवले. इ.स.पू. आठव्या शतकात होशेयाने तह आणि लग्न ही दोन बंधने एकत्र आणली. बेइमान मांडलिकाच्या जागी त्याने व्यभिचारी पत्नी उभी केली, आणि करारभंगाला क्रोधाबरोबर दुःखही जोडले गेले. मांडलिकाला शिक्षा करून सम्राट मोकळा होतो. होशेयाचा देव मोकळा होऊ शकत नाही.

इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडले आणि मंदिर जळाले, तेव्हा शापांचे कलम लागू झाले असाच त्याचा अर्थ लावण्यात आला. यहेज्केल या संदेष्ट्याने तर आणखी एक धक्कादायक गोष्ट सांगितली : सिद्कीयाने बाबिलोनच्या राजाला दिलेली शपथ मोडली, ती परमेश्वर माझी शपथ, माझा करार म्हणतो. परक्या सम्राटाला दिलेला शब्दही देवाच्या नावाने दिला असेल तर पाळलाच पाहिजे. त्याच वेळी यिर्मया नव्या कराराविषयी बोलतो, जो दगडी पाट्यांऐवजी हृदयावर लिहिला जाईल. सक्तीने निष्ठा टिकत नाही, हे बहुधा त्याने योशीयाच्या सुधारणांचे पुढे काय झाले ते पाहून ओळखले होते.

निष्ठेची ही भाषा राजवाड्यापुरती राहिली नव्हती, याचा एक छोटा पुरावा आहे. यरुशलेममधील केतेफ हिन्नोम येथे १९७९ मध्ये गॅब्रिएल बार्काय यांना एका थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन सुरळ्या मिळाल्या. त्या ताईत म्हणून गळ्यात घालण्याच्या होत्या आणि उलगडल्यावर मोठ्या सुरळीची लांबी जेमतेम १० सेंटिमीटर भरली. सुमारे इ.स.पू. ६०० च्या या पत्र्यावर, आपल्यावर प्रेम करणाऱ्यांशी व आज्ञा पाळणाऱ्यांशी करार राखणारा देव, या आशयाचे शब्द कोरलेले आहेत.

बाबिलोनमधील बंदिवासानंतर राजा उरला नाही, तेव्हा करारावर सह्या लोकांनी केल्या. एज्रा या शास्त्र्याने लाकडी व्यासपीठावरून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले, आणि 'नहेम्या'च्या दहाव्या अध्यायात मोहोर लावणाऱ्यांची ८४ नावे आहेत. अटी अगदी व्यवहारी आहेत : शब्बाथ दिवशी धान्य विकत घ्यायचे नाही, सातव्या वर्षी कर्ज सोडायचे, मंदिरासाठी दरसाल एक तृतीयांश शेकेल द्यायचे, वेदीसाठी लाकडे पुरवायची. तीन अध्यायांनंतर समुद्रकाठच्या सोर शहराचे व्यापारी शब्बाथ दिवशी यरुशलेममध्ये मासे विकताना दिसतात आणि यरुशलेमचा अधिपती नहेम्या याला वेशीचे दरवाजे बंद करवावे लागतात.

पुन्हा बांधलेले मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांच्या हातून दुसऱ्यांदा गेल्यावर ही निष्ठा रोजच्या पाठात आली. 'अनुवाद'च्या सहाव्या अध्यायातील 'शेमा', म्हणजे परमेश्वरावर प्रेम करण्याची आज्ञा असलेला उतारा, सकाळ-संध्याकाळ म्हणण्याचा प्रघात पडला. कोकणातील बेने इस्राएल समाजाला इतर यहुद्यांशी संपर्क नसताना बहुतेक हिब्रू प्रार्थनांचा विसर पडला, पण 'शेमा' टिकली; सुंता आणि शब्बाथही टिकले, ज्यावरून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. तोरात ज्यांना स्पष्टपणे कराराची चिन्हे म्हटले आहे त्यांत हीच दोन येतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 'शेमा'च्या पाठात प्रेमाची आज्ञा आधी आणि बाकीच्या आज्ञांचा उतारा नंतर का, असा प्रश्न मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या जुन्या नियमसंग्रहात, विचारला आहे. इ.स. दुसऱ्या शतकातील रब्बी यहोशुआ बेन कोर्हा यांचे उत्तर असे, की माणसाने आधी स्वर्गाच्या राज्याचे जू मानेवर घ्यावे आणि मग आज्ञांचे.