स्टेक, तवा आणि पाण्याचा अडसर

मित्रमंडळी जमवून स्टेक, म्हणजे भाजलेला मांसाचा जाड तुकडा, चाखायचा बेत करायचा असेल, तर एक नियम आधीच ठरवून टाकावा: एका फेरीत एकच गोष्ट बदलायची. पहिल्या फेरीत मांसाचा भाग तोच, जाडी तीच, मीठ तेवढंच, तवाही तोच. फरक फक्त तुकड्याच्या आतल्या तापमानाचा. दुसऱ्या फेरीत तापमान सारखं ठेवायचं आणि भाग बदलायचे. सगळे प्रकार एकदम मांडले तर जेवण झकास होतं, गप्पाही रंगतात, पण अमुक घास जास्त का आवडला याचा थांग लागत नाही. स्टेकच्या बाबतीत तर हा ‘का’ फार रंजक आहे. मीठ सोडलं तर या पदार्थात मसाल्याचा आधार नाही. जे काही घडतं ते मांस, पाणी आणि उष्णता यांच्यातच घडतं.

तर पहिली फेरी तापमानाची. बीफच्या एकाच भागाचे तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीचे चार तुकडे घ्या. मध्यभागी थर्मामीटर खुपसून ते अनुक्रमे ५०, ५५, ६३ आणि ७२ अंश सेल्सिअसपर्यंत न्या. तव्यावरून काढल्यावरही जाड तुकड्याच्या आतलं तापमान काही अंश चढतं, म्हणून प्रत्येक तुकडा थोडा आधीच उतरवायचा. मेन्यूच्या भाषेत हे झाले रेअर, मीडियम रेअर, मीडियम आणि वेल डन. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात अंतर अवघं २२ अंशांचं, पण तोंडात चार वेगळे पदार्थ येतात.

कच्च्या मांसाच्या वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. ते मोकळं नसतं. स्नायूंच्या तंतूंमधल्या प्रथिनांच्या जाळीत अडकलेलं असतं. या जाळीतली दोन मुख्य प्रथिनं म्हणजे मायोसिन आणि ॲक्टिन. मायोसिनची मूळ घडी ५० अंशांच्या आसपास मोडू लागते. त्यामुळे कच्च्या मांसाचा बुळबुळीत, रबरी लवचीकपणा जातो आणि दाताखाली घास स्वच्छ तुटतो. पाणी मात्र अजून बरंचसं आतच असतं. ६० अंशांच्या पुढे तंतूंभोवतीचं कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं वेष्टण आखडू लागतं आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर काढतं. त्यानंतर, साधारण ६६ ते ७३ अंशांच्या पट्ट्यात, ॲक्टिनचीही घडी मोडते आणि तुकडा कोरडा, वातड होतो. म्हणजे ५५ अंशांवर मायोसिनचं काम झालेलं असतं, कोलॅजेनची पकड अजून आवळायची असते आणि ॲक्टिन शाबूत असतं. अनेक आचारी मीडियम रेअरचा आग्रह धरतात त्यामागे हे रसायनशास्त्र आहे, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. चरबीने भरलेला तुकडा असेल तर मात्र मी ५७-५८ अंशांपर्यंत जाईन, कारण चरबी नीट वितळली नाही तर ती दाताखाली मेणचट लागते.

याच फेरीत ताटात लाल पाणी साचतं आणि कुणीतरी ‘हे रक्त आहे का?’ असं विचारतंच. ते रक्त नव्हे. ते आहे पाण्यात विरघळलेलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवून ठेवणारं लोहयुक्त प्रथिन. ऑक्सिजन मिळाला नाही की ते जांभळट दिसतं, हवा लागली की लालभडक होतं आणि त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की तपकिरी पडतं. म्हणून ताजा कापलेला तुकडा सुरुवातीला जांभळट असतो आणि थोड्या वेळाने खुलतो. प्रथिनांपैकी ज्याची त्रिमितीय रचना माणसाला सर्वांत आधी कळली, ते हेच मायोग्लोबिन. जॉन केंड्रू यांनी १९५८ साली ती क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली आणि १९६२ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मॅक्स पेरुट्झ यांच्यासह मिळवलं. त्यांनी मायोग्लोबिन घेतलं होतं स्पर्म व्हेलच्या स्नायूंमधून. बराच वेळ पाण्याखाली राहणाऱ्या या प्राण्याच्या स्नायूंत ऑक्सिजनचा मोठा साठा लागतो, त्यामुळे तिथे हे प्रथिन भरपूर सापडतं.

आता वरचं खरपूस कवच. आत ५५ अंश हवेत, तर बाहेर किमान १४०. स्टेक भाजण्यातली सगळी कसोटी या दोन आकड्यांमध्ये आहे. अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि शर्करा एकत्र तापवल्या की रंग गडद होत जातो, याचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलं. या अभिक्रियेच्या गुंतागुंतीच्या पायऱ्या अमेरिकेतल्या जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये सुसंगतपणे मांडल्या. पावाचा वरचा थर, भाजलेली कॉफी आणि स्टेक या सगळ्यांचा खमंगपणा मुख्यतः तिथूनच येतो. ही अभिक्रिया कमी तापमानालाही होते, पण फारच सावकाश. स्वयंपाकात उपयोगी पडेल असा वेग तिला १४० अंशांच्या पुढेच येतो.

आणि इथे पाणी आडवं येतं. मांसाच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जाऊच शकत नाही. एक किलो पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४२० किलोज्यूल ऊर्जा लागते, पण त्याच पाण्याची वाफ करायला लागतात २२६०. पाचपटींहून जास्त! तव्याची सगळी ताकद ओल उडवण्यात खर्च होते, आणि तेवढ्या वेळात आतलं मांस विनाकारण शिजत राहतं. म्हणून तुकडा तव्यावर टाकण्याआधी कापडाने टिपून अगदी कोरडा करणं ही या संध्याकाळची सर्वांत महत्त्वाची कृती आहे. महागडा तवा, खास तेल, निवडक मीठ, सगळं तिच्यानंतर.

जाड बिडाचा तवा वापरा आणि कान तव्याकडे ठेवा. तुकडा पडताक्षणी मोठा, भरड चर्र आवाज होतो आणि वाफेचा लोट उठतो. ही ओल उडते आहे. मग आवाज बारीक, कोरडा होत जातो, वाफ विरते आणि कडेच्या चरबीचे थेंब तडतडू लागतात. उलथन्याने कड उचलून पाहिली तर राखाडी पृष्ठभागावर आधी उंचवट्यांच्या टोकांना तांबूस ठिपके दिसतात, मग ते पसरत एकमेकांना मिळतात. तव्याला जिथे मांस चिकटून बसलं तिथेच रंग आला आहे, खळग्यांमध्ये नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात तुकडा हलकेच दाबून धरणं फायद्याचं ठरतं. आवाज एकाएकी पुन्हा वाढला तर आतलं पाणी बाहेर पडू लागलं आहे असं समजावं.

‘तुकडा एकदाच उलटायचा’ हा नियम मला पटत नाही. दर अर्ध्या मिनिटाला उलटत राहिलं तर दोन्ही बाजूंना उष्णता समान पोचते, कवचाखालचा जास्त शिजलेला राखाडी पट्टा अरुंद राहतो आणि मांस लवकरही होतं. याहून जुना आणि चिवट समज म्हणजे प्रखर आचेवर भाजलं की मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी हा विचार लोकप्रिय केला. खरपूस कवच पाणी अडवत नाही. पटत नसेल तर चाखण्याच्या संध्याकाळीच तपासा. सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या. एक आधी प्रखर आचेवर भाजून मग ओव्हनमध्ये ठेवा, दुसरा आधी मंद ओव्हनमध्ये तापवून शेवटी भाजा. दोन्हींचं आतलं तापमान सारखं झालं की तराजूवर ठेवा. आधी भाजलेल्याने कमी पाणी गमावलेलं दिसणार नाही. बहुतेक वेळा तो थोडा हलकाच भरतो. दुसऱ्या तुकड्याचा पृष्ठभाग ओव्हनमध्ये आधीच सुकलेला असतो, त्यामुळे त्याला रंगही झटपट येतो.

मिठाची वेळही पाण्यावरच ठरते. मीठ लावल्यावर सुरुवातीला ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं आणि पृष्ठभाग ओलाचिंब होतो. त्या अवस्थेत तुकडा तव्यावर टाकला तर पदरी पडतो उकडलेला राखाडी थर. त्यामुळे मीठ एक तर अगदी भाजायच्या क्षणी लावा, नाही तर निदान पाऊण तास आधी, म्हणजे तेच खारं पाणी मांसात पुन्हा मुरेल. आदल्या रात्री लावून तुकडा फ्रिजमध्ये उघडा ठेवला तर उत्तमच. मीठ खोलवर जातं आणि वरचा भाग सुकतो.

दुसऱ्या फेरीत भागांची तुलना. टेंडरलॉइन हा पाठीच्या कण्याखालचा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, म्हणून त्यात कोलॅजेन कमी आणि मांस लुसलुशीत. पण चव सौम्य. फ्लँक म्हणजे पोटाकडचा राबणारा स्नायू: तंतू लांब, चव दणकट. तो तंतूंना आडवा, पातळ कापला तरच मजा येते, कारण मग लांब तंतू तोडायचं काम दातांऐवजी सुरी करते. रिबआय या दोहोंच्या मध्ये आणि चरबीच्या नक्षीने भरलेला. जपानमध्ये या नक्षीची प्रत १ ते १२ अशा श्रेणीत मोजतात. वाग्यू या जपानी गोमांसाच्या चरबीत ऑलिव्ह तेलातही मुख्य असलेलं ओलेइक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे ती कमी तापमानाला वितळते. वाढताना कमी चरबीचा भाग आधी, जास्त चरबीचा शेवटी. जिभेवर चरबीचा थर बसला की पुढचं काही नीट कळत नाही. ताटंही गरम हवीत, गार ताटात चरबी लगेच थिजते.

तिसरी फेरी माझी सर्वांत आवडती: ताजं मांस आणि ड्राय एजिंग केलेलं मांस. शून्य ते चार अंशांत, नियंत्रित आर्द्रतेत मांस काही आठवडे उघडं ठेवतात. स्नायूंतलीच कॅल्पेनसारखी विकरं (एन्झाइम) प्रथिनांचे बंध तोडत राहतात, त्यामुळे मांस मऊ होतं आणि मोकळं ग्लुटामेट वाढतं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ओळखलेली उमामी, म्हणजे गोड, आंबट, खारट, कडू यांपलीकडची पाचवी मूळ चव, ती याच ग्लुटामेटची. मांसात इनोसिनेट हे उमामी देणारं दुसरं द्रव्यही असतं, आणि ही दोन्ही एकत्र आली की उमामी कित्येक पटींनी वाढते.

पण मुरलेलं मांस ‘कळलं’ असं वाटणं आणि खरोखर कळणं यांत फरक आहे. त्यासाठी तीन तुकड्यांची चाचणी करा. प्रत्येकासमोर तीन घास ठेवा, दोन एका प्रकारचे, एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगा. क्रम प्रत्येकासाठी बदला. रंगावरून सुगावा लागू नये म्हणून दिवा लाल ठेवा. चव तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही तसंच करतात. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. पाच मित्रांपैकी किमान चौघांनी बरोबर ओळखलं तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता २४३ मध्ये ११, म्हणजे साधारण साडेचार टक्के. मग फरक खरा आहे असं म्हणायला हरकत नाही. एक घास नाक चिमटीत धरूनही चावा. खारट आणि उमामी तेवढं जाणवेल. नाक सोडलं की घशामागून गंध वर चढतो आणि ‘मांसाची चव’ एकदम उभी राहते; ती बव्हंशी गंधकयुक्त रेणूंच्या वासाची करामत असते.

सुरक्षिततेचं थोडक्यात. अखंड तुकड्यावरचे जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात. खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा ७१ अंशांपर्यंत शिजवायलाच हवा. सुयांनी टोचून मऊ केलेला तुकडाही रेअर खाऊ नये. अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस अखंड तुकड्यालाही ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबण्याची आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना निदान एवढं शिजवलेलंच वाढावं.

उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी गरम करू नका. शिजताना मायोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं, ते चरबीच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतं, आणि पुन्हा तापवल्यावर शिळा, पुठ्ठ्यासारखा वास उमटतो. फ्रिजमधून काढून तंतूंना आडवे, अगदी पातळ कापा, थोडं मीठ आणि लिंबू घाला आणि गारच खा.