नवजात बाळाची आखडलेली महाधमनी: डक्टसभोवती फिरणारा इतिहास

हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या कमानीपुढचा भाग आखडलेला असू शकतो, हे इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मॉर्गान्यीने १७६० मध्ये शवविच्छेदनात पाहिलं. दुरुस्तीला १९४४ उजाडलं. त्या ऑक्टोबरात स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्रॅफर्डने आखडलेला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. पुढच्याच वर्षी बॉस्टनला रॉबर्ट ग्रॉसनेही ती शस्त्रक्रिया केली. पण ते रुग्ण मोठे होते. अडथळ्याला वळसा घालणाऱ्या रक्तवाहिन्या त्यांच्यात वर्षानुवर्षं वाढलेल्या होत्या, म्हणून महाधमनी चिमट्याने (क्लॅम्पने) बंद केल्यावरही मज्जारज्जूला रक्त मिळे. नवजाताकडे हा आधार नसतो.

आखडलेपण तीव्र असेल तर त्याच्या कंबरेखालचा रक्तपुरवठा डक्टस, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीला महाधमनीशी जोडणारी आणि जन्मानंतर मिटणारी वाहिनी, उघडा असेपर्यंतच टिकतो. डक्टसची ऊती महाधमनीच्या भिंतीतही शिरलेली असते, त्यामुळे तो मिटताना ती भिंतही आवळली जाते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी गुटगुटीत दिसलेलं बाळ आठवड्याभरात दूध सोडतं, धापा टाकतं, पाय गार पडतात, लघवी थांबते. याला सर्रास जंतुसंसर्ग समजलं जातं. अँटिबायोटिक जरूर द्यावं, पण आधी जांघेतली नाडी चाचपावी. उजव्या हाताचा रक्तदाब पायापेक्षा २० मिमीने जास्त असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच करावा. हृदयच थकलं असेल तर हा फरक दिसतही नाही. पल्स ऑक्सिमीटरवरही विसंबू नये, त्यातून हा आजार बरेचदा निसटतो.

खरं वळण १९७० च्या दशकाच्या मध्यात आलं, डक्टस उघडा ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन ई-१ या औषधामुळे. मिटत चाललेला डक्टस दर किलोला मिनिटाला ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमने उघडतो, उघडल्यावर ०.०१ पुरतं. श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर हाताशी हवा. पूर्वी मरणासन्न बाळ थेट टेबलावर जाई. आता आधी मूत्रपिंडं आणि लॅक्टेट (रक्त कमी पडल्यावर ऊतींमध्ये साचणारं आम्ल) सावरतात, मग शस्त्रक्रिया होते. आमच्या मते या इतिहासात कुठल्याही टाक्यापेक्षा या औषधाने जास्त बाळं वाचवली.

टाकेही बदलत गेले. १९६६ मध्ये वॉल्डहाउझेन आणि नाहरवोल्ड यांनी आखडलेली जागा रुंद करायला डाव्या हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीचा फ्लॅप (तिच्याच भिंतीची पट्टी) वापरला. डक्टसची ऊती मात्र आतच राही आणि जागा पुन्हा आखडे. आज डाव्या बरगड्यांमधून जाऊन डक्टस बांधतात, ती सगळी ऊती कापून काढतात, कमानीचा तळ डाव्या कॅरॉटिडच्या (मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या) दिशेने चिरतात आणि खालची महाधमनी वर ओढून तिथे जोडतात. ती आजूबाजूच्या ऊतींपासून नीट मोकळी केलेली नसेल तर टाके ताणले जातात. धमनीतली रक्तदाबाची नळी उजव्या मनगटात हवी: क्लॅम्प मेंदूकडचं रक्त अडवू लागला की तिथला दाब पडतो. कमान स्वतःच अरुंद असेल, म्हणजे मिलिमीटरमधला व्यास किलोतल्या वजन अधिक एकपेक्षा कमी, तर छातीचं हाड उघडून बायपासवर (हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर) दुरुस्ती करणं बरं.

जागा पुन्हा आखडली तर बहुधा नळीतून आत नेऊन फुगवलेला बलून पुरतो. फ्लॅप झालेल्यांचा रक्तदाब कायम उजव्याच हाताला मोजावा. डाव्या हातातला आकडा खोटा कमी येतो.