जिनिंगला आलेला कार्बनचा तक्ता: कोणाला भरावा लागतो, कोणती कागदं लागतात

रुई घेणाऱ्या सूतगिरणीकडून किंवा कापड कंपनीकडून ‘वर्षभराचं कार्बन उत्सर्जन कळवा’ असा तक्ता आला, तर आधी सक्ती कोणावर आहे ते पाहा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिचा बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक आहे. हिंगणघाट, वणी किंवा अकोटच्या भागीदारी जिनिंगवर (कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यावर) त्याची थेट सक्ती नाही. मात्र खरेदीदार कंपनीच्या पुरवठा साखळीत तुमचा माल मोडतो. तिच्या खरेदीत तुमचा वाटा २ टक्के किंवा जास्त असेल, तर विचारणा होण्याची शक्यता जास्त.

हिशोब तीन भागांत होतो. आवारात स्वतः जाळलेलं इंधन स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २. भाड्याचा ट्रक वगैरे स्कोप ३. तक्त्यात मागितला असेल तरच त्यात शिरा.

कागदं एप्रिल ते मार्चची काढायची: महावितरणची बारा बिलं, डिझेलच्या पावत्या, जनरेटरचं लॉगबुक, एसीत गॅस भरल्याची बिलं आणि गाठींचं रजिस्टर. रजिस्टर यासाठी, की दर गाठीमागे (१७० किलो) किती उत्सर्जन हेही बहुधा विचारलं जातं.

सगळ्यात जास्त घोळ विजेत होतो. उच्चदाब ग्राहकांची आकारणी २०२० पासून केव्हीएएच (ग्रिडमधून ओढलेली एकूण वीज) युनिटवर होते आणि बिलात तोच आकडा आधी डोळ्यांत भरतो. कार्बनसाठी हवा केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेली वीज. या दोन आकड्यांचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर २,००,००० केव्हीएएच म्हणजे १,९०,००० केडब्ल्यूएच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा गुणांक (एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड) ०.७२७ किलो धरला, तर उत्सर्जन १३८.१ टन येतं. चुकीचा आकडा घेतला की सात टन फुकट डोक्यावर. छतावर सोलर असेल तर वजावटीनंतरचे युनिट घेऊ नका. ग्रिडमधून आत आलेले युनिट घ्या. बाहेर दिलेली वीज स्कोप २ मधून वजा होत नाही.

डिझेलला साधारण २.६८ किलो प्रति लिटर. १,५०० लिटर जळालं तर ४,०२० किलो, म्हणजे चार टन. पावत्यांची बेरीज म्हणजे वापर नव्हे: १ एप्रिलचा साठा अधिक खरेदी, वजा ३१ मार्चचा साठा. हंगाम संपताना ड्रममध्ये डिझेल उरलेलंच असतं. त्याच ड्रममधून मालकाच्या वावरातला ट्रॅक्टर भरला जात असेल, तर ते लिटर वेगळे लिहा. ते जिनिंगचे नाहीत. उलट आगीच्या पंपाचं डिझेल हमखास विसरतं. दर आठवड्याला पाच मिनिटं चालवून पाहिलं तरी ते स्कोप १ मध्येच येतं.

एसीचा गॅस क्षुल्लक समजू नका. आर-२२ चा एक किलो गळाला, तर तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात.

सोबत तेलघाणी असून बॉयलरमध्ये तूस किंवा पऱ्हाटी जाळत असाल, तर तिचा कार्बन डायऑक्साइड स्कोपबाहेर वेगळ्या रकान्यात दाखवतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्ये.

तक्ता पाठवताना प्रत्येक गुणांकाशेजारी त्याचा स्रोत आणि वर्ष लिहा. कंपनीचा तपासनीस तेच पहिल्यांदा विचारतो.